हार्वर्डच्या उशा, डोंबिवलीच्या गाद्या

(हा भाग जसा बोललो तसाच इथे उतरवलाय. टाळ्यांचे आवाज मात्र कागदावर उतरत नाहीत, त्यासाठी ऐकावंच लागेल.)

आज सुरुवातीलाच तुम्हाला एक काम देतो. आत्ता ज्या खोलीत आहात तिथे एक जोरदार टाळी वाजवा. लोकलमध्ये असाल तर राहू दे, लोक बघतील. पण घरी असाल तर वाजवा, आणि टाळीनंतर जे ऐकू येतं तिकडे लक्ष द्या. स्वयंपाकघरात एक ऐकू येईल, कपड्यांच्या कपाटासमोर दुसरं. बाथरूममध्ये तर विचारूच नका, तिथे आपण सगळेच गायक असतो.

आता माझी टाळी ऐका. (टाळी.) ही आमच्या डोंबिवलीच्या घरातली मागची खोली, गेल्या वर्षीच्या जूनमधली. टाळीमागे एक तारेसारखा झंकार लागलाय बघा. आणि ही (टाळी) तीच खोली, तोच मी, आत्ता. या दोन टाळ्यांच्या मध्ये जे घडलं ते आज सांगायचंय. त्यात माझे बाबा आहेत, अमेरिकेतला एक प्राध्यापक आहे, एक स्पीकर बनवणारा आहे, आणि मांडववाल्याकडून रात्रीपुरत्या मागून आणलेल्या दहा गाद्या आहेत.

आधी बाबा. बाबा लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. १९६७ साली लागले, एकोणीस वर्षांचे असताना. राहायला चाळीत, दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. चाळीत राहिलेल्यांना माहितीय, तिथे आवाजाला मालक नसतो. शेजारच्यांचा रेडिओ आपलाच, आणि आपलं भांडण अख्ख्या मजल्याचं. अशा घरात बाबांनी बोनसच्या पैशातून एचएमव्हीचा फिएस्टा घेतला होता. पेटीसारखा छोटा रेकॉर्ड प्लेअर, झाकण लावलं की उचलून न्यायचा. रेकॉर्डी चोरबाजारातून. ‘कट्यार काळजात घुसली’ची होती, भीमसेनांच्या अभंगांची होती, नाट्यगीतांच्या बऱ्याच होत्या. रात्रपाळी नसली की बाबा दहानंतर रेकॉर्ड लावायचे, आणि आवाज इतका बारीक ठेवायचे की कान जवळजवळ जाळीला टेकवावा लागे. आई म्हणायची, ऐकताय की वास घेताय?

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याबद्दल एक वेगळा भाग केलाय, तो ऐका. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि बहुतेकांना परतीची वाट उरली नाही. त्या वर्षी आमच्या घरातून जे जे विकलं गेलं त्यात फिएस्टा होता. गंमत म्हणा नाहीतर काही म्हणा, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये सोनीने पहिला सीडी प्लेअर बाजारात आणला. जग रेकॉर्ड सोडून पुढे निघालं होतं, आणि आमच्याकडे रेकॉर्डी होत्या पण वाजवायला काही नव्हतं. त्या विकल्या नाहीत. खाटेखाली पत्र्याच्या ट्रंकेत चाळीस वर्षं पडून होत्या. चाळीतून डोंबिवलीला आलो तेव्हा सामानात पहिली ट्रंक तीच चढली.

बाबांना एक खोली हवी होती. तसं कधी बोलले नाहीत, पण गणपतीत एखाद्या श्रीमंताच्या बंगल्यात दुरुस्तीला वगैरे जाऊन आले की सांगायचे, त्यांच्याकडे गाणं ऐकायला स्वतंत्र खोली आहे रे. जसं कोणी सांगावं की त्यांच्याकडे हत्ती आहे.

तर गेल्या वर्षी मी ठरवलं, मागची खोली ऐकण्यासाठी करायची. घरात लगेच महायुद्ध. मुलगी नववीत, तिला अभ्यासाला जागा हवी. बायकोचा प्रश्न एकदम रास्त होता: डोंबिवलीत एकशे अठ्ठावीस चौरस फूट फक्त गाणं ऐकायला? ठरलं असं की संध्याकाळी सातपर्यंत खोली मुलीची, सातनंतर आजोबांची. मी एक सेकंडहँड टर्नटेबल घेतला, एक अँप्लिफायर, दोन मध्यम स्पीकर. जोडलं. बाबांना खुर्चीत बसवलं. सुई टेकवली.

भयंकर. मित्रांनो, मोबाईलवर बरं वाटतं त्यापेक्षा भयंकर. आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा, शब्दावर शब्द सांडलेले. बाबा पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, छान आहे. माझ्या वडिलांचं ‘छान आहे’ मला कळतं. ते लग्नातल्या गार जेवणालाही छानच म्हणतात.

मी आपला स्पीकरला दोष देत बसलो. मग वाचायला लागलो तेव्हा कळलं की दोष खोलीचा आहे, आणि खोलीचा दोष असतो हे माणसाला शास्त्रीय रीतीने कळून जेमतेम सव्वाशे वर्षं झालीत. म्हणजे ताजमहाल बांधून झाला, गोल घुमट बांधून झाला, युरोपातली मोठमोठी ऑपेरा हाउसं झाली, तोपर्यंत कुठल्याही बांधणाऱ्याला आकडा मांडून सांगता येत नव्हतं की या जागेत आवाज किती वेळ रेंगाळेल. अनुभव होता, अंदाज होता, नकला होत्या. गणित नव्हतं.

ते गणित वॉलेस क्लेमेंट सबाइन याने केलं. बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात, हार्वर्ड विद्यापीठात. १८९५ साल. हार्वर्डने फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत बांधली, वास्तुशिल्पी रिचर्ड मॉरिस हंट, त्या काळातलं फार मोठं नाव. आत देखणं व्याख्यानगृह. पहिल्या व्याख्यानापासून बोंब: कोणाला एक शब्द कळेना. वक्त्याने उच्चारलेला शब्द त्या सभागृहात साधारण साडेपाच सेकंद ऐकू येत राहायचा. साडेपाच सेकंदांत आवाज जवळजवळ दोन किलोमीटर जातो. म्हणजे तो एक शब्द भिंतीवरून भिंतीवर आपटत दोन किलोमीटर भटकायचा, आणि तेवढ्या वेळात वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्या अंगावर टाकायचा.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी हे काम पदार्थविज्ञान विभागातल्या सबाइनकडे सोपवलं. वय सत्तावीस. नुकताच सहायक प्राध्यापक झालेला, पीएचडी नाही, आणि त्याने ती पुढेही कधी केली नाही. ज्येष्ठांना हा विषय नको होता असं म्हणतात, आणि ते पटतंही. बिघडलेलं सभागृह दुरुस्त करणं हे कोणाला मोठं संशोधन वाटणार?

सबाइनकडे माइक नव्हता. डेसिबल हा शब्दही अजून जन्माला यायचा होता. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी, सेकंदाला ५१२ कंपनांचा सूर देणारी, वेळ नोंदणारं एक यंत्र, आणि स्वतःचे दोन कान. नळी वाजवायची, बंद करायची, आणि सूर पूर्ण विझेपर्यंतचा वेळ मोजायचा. बस. पण हे करायला शांतता हवी, आणि दिवसा बाहेर रस्त्यावर ट्राम. म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करायचा, ट्रामा थांबल्यावर.

आता उशांची गोष्ट. जवळच सँडर्स थिएटर होतं, जिथला आवाज उत्तम म्हणून नावाजलेला. तिथल्या बाकांवर बसायला उशा होत्या, म्हणजे लांबट गाद्याच म्हणा ना. सबाइन आणि त्याचे दोन मदतनीस रात्री त्या उशा उचलून फॉगच्या सभागृहात आणायचे. थोड्या ठेवल्या, मोजलं. आणखी ठेवल्या, मोजलं. आणि उजाडायच्या आत सगळ्या परत सँडर्समध्ये, कारण सकाळी तिथे लोक बसणार. हे एक-दोन दिवस नाही, कित्येक रात्री. शेवटी थिएटरातल्या सगळ्या उशा आणून बाकांवर, जमिनीवर, भिंतींना लावल्या तेव्हा साडेपाच सेकंदांचे सव्वा सेकंदाच्याही आत आले.

अजून एक प्रसंग सांगतो, मला हा फार आवडतो. त्याची मोजमापं मध्येच जुळेनाशी झाली. कारण शोधता शोधता लक्षात आलं की दोष स्वतःच्या कपड्यांचा आहे. जाड कोट घातला की तो कोटही आवाज पितो! त्याने आधीची हजारो निरीक्षणं टाकून दिली आणि पुढे प्रयोगाला दरवेळी तेच कपडे घालायला लागला. तोच निळा हिवाळी कोट, त्याच विजारी, तेच बूट. आपल्याकडे लोक परीक्षेला लकी शर्ट घालतात. याने शास्त्रापोटी घातला.

मोजायला एकक काय घ्यायचं? इथे त्याचं डोकं बघा. त्याने म्हटलं, आवाज सगळ्यात पूर्ण कोण खातं? उघडी खिडकी. त्यातून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून उघडी खिडकी हेच माप. उशी म्हणजे इतकी उघडी खिडकी, गालिचा म्हणजे इतकी, माणूस म्हणजे इतकी. हो, माणूससुद्धा. भरलेलं नाट्यगृह रिकाम्यापेक्षा वेगळं ऐकू येतं ते याचमुळे.

तीनेक वर्षं त्याच्याकडे आकडे साठले, पण सूत्र सापडेना. १८९८ च्या शरदात ते सापडलं. त्याच्या चरित्रकाराने सांगितलेली गोष्ट अशी की तो आईला ओरडून म्हणाला, आई, हा हायपरबोला आहे! बारावीला गणित असलेल्यांना आठवेल. उशा वाढवत जा, वेळ त्या वक्रावर घसरत जातो. साध्या मराठीत: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळणार, आणि आवाज खाणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका कमी. मीटरमध्ये मांडलं तर खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण उघड्या खिडकीचे चौरस मीटर. एवढंच. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

हे सूत्र हातात आल्यावर त्याने बोस्टनच्या नव्या सिंफनी हॉलचं काम घेतलं. १५ ऑक्टोबर १९०० ला तो उघडला, आणि आजही जगातल्या अव्वल सभागृहांत गणला जातो. गणिताने आधी ठरवून मग बांधलेलं पहिलं संगीतगृह. सुरुवातीला टीकाकारांनी नाकं मुरडली, ते असतंच. ज्या व्याख्यानगृहापासून हे सुरू झालं त्याच्या भिंतींना फेल्ट लावून त्याने ते चालण्याजोगं केलं, उत्तम नाही. १९७३ मध्ये ती इमारत पाडली. सबाइन १९१९ साली, पन्नाशीतच गेला.

आता माझ्या खोलीकडे या. गॅलरी आत घेतल्यामुळे ती लांबट झालीय: सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, साडेनऊ उंच. घनफळ साधारण साडेचौतीस घनमीटर. लादी, प्लॅस्टर, एक काचेची खिडकी, एक दार. ही सगळी मिळून तीन चौरस मीटर उघडी खिडकीसुद्धा भरत नव्हती. सबाइनच्या सूत्रात घातलं तर पावणेदोन-दोन सेकंद. घरातल्या अशा खोलीत गाणं ऐकायला ०.४ सेकंदाच्या आसपास बरं. त्याला चौदाएक चौरस मीटर लागतात. म्हणजे मला अकरा चौरस मीटर उघडी खिडकी उसनी आणायची होती.

यूट्यूबवर सांगतात तसे अंड्यांचे ट्रे आधी लावून बघितले. ते लावू नका. वरवरचा थोडा किणकिणाट कमी होतो, बाकी काही नाही, आणि झुरळं होतात. मग सबाइन आठवला. कोपऱ्यावरच्या मांडववाल्याला म्हटलं, दहा गाद्या रात्रीपुरत्या द्या. तो म्हणाला, कार्य काय आहे? मी म्हटलं, कार्य नाही, मोजायचंय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर सबाइनने पण बघितली असणार. सकाळी सातला परत हव्यात, साखरपुडा आहे, एवढं बोलला आणि दिल्या.

शेवटची लोकल गेली. मग मी, बायको आणि मुलगी (होय, ती पण आली, प्रयोग म्हटल्यावर अभ्यासापेक्षा बरा) असे तिघे कामाला लागलो. एक गादी भिंतीला उभी केली की टाळी. दुसरी, टाळी. मुलगी मोबाईलवर नोंदत होती. मी बनियनवर होतो, पण नियम म्हणजे नियम, शेवटपर्यंत बनियनवरच राहिलो. तिसऱ्या गादीला झंकार गेला. सातव्याला मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा आवाज जवळ आल्यासारखा वाटतोय. दहाव्याला खोली अशी झाली की कुजबुजलं तरी कळावं. आणि तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपल्याकडे बैठक म्हणतात ती हीच की! गाद्या, लोड, तक्ये, पडदे, आणि दाटीवाटीने बसलेली माणसं. आपल्या बुजुर्गांनी सूत्र लिहिलं नव्हतं, पण गाणं कुठे ऐकायचं हे त्यांना नक्की माहीत होतं. सकाळी सातला गाद्या साखरपुड्याला गेल्या.

त्यांच्या जागी मग लाकडी चौकटीत रॉकवूल भरून, वर कापड ताणून तक्ते केले. सुताराने चौकटी केल्या, बाकी घरी. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस खाजवाल. हे अनुभवाचे बोल आहेत.

पण एक दुखणं राहिलं. डग्गा. तबल्याचा डग्गा माझ्या खुर्चीत येतच नव्हता, आणि मागच्या भिंतीशी उभं राहिलं की घुमून घुमून नको व्हायचा. हे गाद्यांनी सुटणारं नाही. खालच्या सुरांच्या लाटा खूप लांब असतात. सत्तर हर्ट्झची लाट जवळपास पाच मीटर, म्हणजे माझ्या खोलीएवढी. चार इंचाची गादी तिला काय अडवणार? अशी लाट दोन भिंतींच्या मध्ये अडकून उभी राहते. कुठे फुगते, कुठे पार नाहीशी होते. आठ फुटांत ज्या सुराची अर्धी लाट बसते तो सत्तर हर्ट्झ. आणि सोळा फुटांत? अख्खी लाट, सूर तोच, सत्तर. लांबी रुंदीच्या बरोब्बर दुप्पट, त्यामुळे दोन्ही दिशांचा रोग एकाच सुरावर. पुरुष गायकाची काळी एक धरली तर तिचा सा १३८-१३९, आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. म्हणजे नेमका मर्मावर घाव. बिल्डरने गॅलरी आत घेताना भीमसेनांचा विचार केला नव्हता. मी बाबांची खुर्ची मधोमध, पुढच्या भिंतीपासून बारा फुटांवर ठेवली होती. दोन्ही लाटा तिथेच शून्य होत होत्या. अख्ख्या खोलीतली सगळ्यात वाईट जागा, आणि ती मी टेप लावून मोजून निवडली होती. कोपऱ्यांत जाड तक्ते उभे केले आणि खुर्ची पुढे आणली. नऊ फुटांवर डग्गा परत आला.

स्पीकर कुठे ठेवायचे हे मात्र लवकर सुटलं. ते श्रेय अ‍ॅलन ब्लमलाइनचं. ईएमआयचा इंग्रज इंजिनिअर. सिनेमाला गेला असताना त्याला खटकलं की पडद्यावर नट उजवीकडे आणि आवाज भलतीकडून. त्यातून १९३१ मध्ये त्याने स्टीरिओचं पेटंट दाखल केलं. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी गेलेलं विमान कोसळून तो गेला, अवघा अडतीस वर्षांचा. स्टीरिओ रेकॉर्डी दुकानात यायला त्यानंतर पंधराएक वर्षं लागली. दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण करायचा, एवढं लक्षात ठेवा.

सगळं झाल्यावर माइकने मोजलं. आलेख सुरेख. मी खूश. बाबांना बोलावलं, अभंगाची रेकॉर्ड लावली. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. एक बाजू संपली. मग म्हणाले, सगळं आहे रे. टाळ कुठे गेले?

टाळ होते. मला कानात टोचतील इतके स्पष्ट होते.

इथे दुसरी गोष्ट सुरू होते, जिच्याकडे आम्ही घरात कोणीच नीट बघितलं नव्हतं. गिरणीच्या लूमखात्यात शेकडो माग एका वेळी धडधडतात. बाबा तिथे पंधरा वर्षं होते, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. सगळे हातवारे करून बोलायचे. घरी आल्यावरही बाबा बोलण्याआधी हात हलवायचे, ते आम्हाला त्यांचं वैशिष्ट्य वाटायचं. हे नवीन ज्ञान आहे असंही नाही. १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार नावाच्या कानाच्या डॉक्टराने बॉयलर ठोकणारे शंभर कामगार तपासले. घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते बघायचं. शंभरांत एकाचाही कान धड निघाला नाही. म्हणजे बाबा गिरणीत लागले त्याच्या ऐंशी वर्षं आधी हे लिहून ठेवलेलं होतं.

अशा गोंगाटाने कान सगळ्या सुरांना सारखा जात नाही. ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो. टाळांची झळाळी तिकडेच. स, श, च, छ ही व्यंजनं वरच्या भागात. स्वर खाली, ते शाबूत. म्हणून असा माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. आणि रेंगाळणारी खोली असली की ते उरलेलंही एकमेकांत मिसळतं. आमच्या हॉलमध्ये, लादी आणि काच, बाबा चारचौघांत गप्प बसायचे. आम्हाला वाटायचं वयामुळे शांत झालेत. त्यांची श्रवणयंत्रं दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती, कारण हॉलमध्ये ती लावली की भांडी पडल्यासारखं व्हायचं.

आता शेवटचा माणूस, एडगर विलचर. हाय-फायच्या नादाला लागलेल्यांना नाव माहीत असेल. त्याच्याआधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढा स्पीकर लागायचा. म्हणजे पुन्हा बंगलेवाल्यांचाच धंदा. विलचरला सुचलं की पेटी पूर्ण हवाबंद करायची आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवायचं. पहिल्या नमुन्यात स्पीकरच्या कोनाभोवतीची कडक कड काढून तिथे मऊ कापड लावलं. त्याचा साचा त्याच्या बायकोने, रोझमेरीने, काढून दिला, आणि कापड कुठलं? गादीच्या खोळीचं! मी हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. या विषयात जिकडे जावं तिकडे गादी. १९५४ मध्ये त्याने आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर कंपनी काढली, तीही केंब्रिजमध्येच, सबाइनच्या गावात. छोट्या पेटीतून खोल आवाज निघायला लागला आणि साध्या घरातल्या साध्या खोलीत हाय-फाय शिरलं. आज माझ्या खोलीत जे चाललंय त्यात त्याचा वाटा मोठा.

पण मला तो आवडतो तो पुढच्या कामासाठी. १९६७ मध्ये कंपनी विकून तो बाहेर पडला आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या मागे लागला. त्रास असा असतो की बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि थोडा मोठा केला की एकदम असह्य. त्याने आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगळे करून प्रत्येक पट्ट्यात बारीक आवाज जास्त उचलायचा आणि मोठा कमी, अशी पद्धत मांडली. १९७३ मध्ये ती छापली, आणि पेटंट घेतलं नाही. कोणीही वापरा. आजच्या श्रवणयंत्रांच्या मुळाशी ती कल्पना आहे. ड्रॉवरमधल्या त्या दोन यंत्रांच्याही.

तर मी बाबांना म्हटलं, यंत्रं लावून ऐकून बघा. नको नको म्हणत लावली. अभंग परत सुरू केला. टाळ आले, आणि बाबांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, हे टाळ नाहीत, ताटल्या आहेत. काढून ठेवली. मी काही बोललो नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सहा महिने खपलो होतो, आणि जे त्यांना हवं होतं ते १९८२ च्या आधीच कुठेतरी लूमखात्यात राहून गेलं होतं.

मग त्यांनी विचारलं, ती कट्यारची आहे ना? लाव. आणि कोणी न सांगता यंत्रं पुन्हा कानात घातली. वसंतराव सुरू झाले. बाबा पुढे वाकून बसले, चाळीत जाळीला कान लावायचे तसे, मग हळूहळू मागे टेकले. दोनदा मला हात करून थांबवलं, सुई मागे घ्यायला लावली. एका ठिकाणचा शब्द इतकी वर्षं आपण चुकीचा म्हणत होतो म्हणाले.

आता जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा आहेत. नऊ फुटांवरची माझी, आणि एक मागच्या भिंतीजवळ, जिथे डग्गा गरजेपेक्षा जास्त घुमतो. ती बाबांची. माइकच्या हिशोबाने ती जागा साफ चूक आहे. ते म्हणतात, इथे तो छातीत वाजतो, तिथला कान चांगला आहे. मुलगी सातपर्यंत अभ्यास करते, आणि हल्ली साडेसात झाले तरी उठत नाही, कारण घरातली सगळ्यात शांत खोली तीच. त्यावरून रोज आजोबा-नातीचं भांडण होतं. काल मी रेकॉर्डिंगसाठी माइक लावत होतो तर बाबा दारात उभे, हातात रेकॉर्ड. म्हटलं, बाबा, एपिसोड करायचाय, पंधरा मिनिटं. ते आत येऊन आपल्या खुणेवर बसले आणि हात हलवून म्हणाले, कर की, मी ऐकतो.

मागे जो खोकला ऐकू येतोय ना मधूनमधून, तो त्यांचाच आहे.